चार नंबरची फुंकणी

बुधवार, १२ फेब्रुवारी १९८६, सकाळी साडेनऊ. जयपूर, आमच्या रुग्णालयाच्या छातीविभागाची मागची खोली.

हजर: मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे विभागप्रमुख. धाकटे डॉक्टर, मूळचे नागपूरचे, मला वहिनी म्हणणारे. वॉर्डातली सिस्टर. वॉर्डबॉय, ज्यांचं वय पन्नाशीचं असल्यामुळे त्यांना कोणी बॉय म्हणत नसे, सगळे भैयाजी म्हणत. आणि मी, विभागाची तंत्रज्ञ.

हे मी आठवून लिहीत नाही. त्या दिवशीची वही समोर आहे, आणि पहिल्या पानावर हजेरी आहे. कुठलंही काम सुरू करण्याआधी कोण कोण आहे ते लिहायचं, ही माझी सवय. गैरहजर असा रकाना मी आखला होता, तो रिकामा आहे. जी तिथे नव्हती तिची तिथे गरजही नव्हती. ती, माझी मुलगी, अकरा वर्षांची होती आणि सकाळी आठ वाजता शाळेच्या बसमधून आमेरचा किल्ला बघायला गेली होती.

काम असं होतं. श्वासाचा जोर मोजायचं एक मोठं यंत्र आमच्याकडे पूर्वीपासून होतं. लोखंडी, जड, घड्याळासारखी तबकडी असलेलं. ते जागचं हलवता येत नसे. पण त्याच्यावर आमचा भरवसा होता. आदल्या ऑक्टोबरात विभागात सहा छोटी यंत्रं आली. वीतभर लांबीची प्लास्टिकची नळी, आत दांडी आणि स्प्रिंग, वर एक खाच, खाचेत लाल काटा. छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट लावायचे आणि एका झटक्यात फुंकायचं. काटा जिथे जाऊन थांबेल तो आकडा. दम्याच्या रोग्याला ते घरी देता येईल, रोज रुग्णालयात यायला नको, ही कल्पना. आम्ही त्याला फुंकणी म्हणायचो. सहाही फुंकण्यांवर चिकटपट्टी लावून मी शाईने एक ते सहा नंबर घातले होते.

मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, रोग्यांना देण्याआधी त्यांचे आकडे मोठ्या यंत्राशी जुळतात का ते एकदा नीट बघू. आम्ही पाचजण प्रत्येक यंत्रात तीनदा फुंकणार, तिन्हींतला मोठा आकडा मी लिहिणार. दमलेला माणूस शेवटच्या यंत्रात कमी फुंकतो, म्हणून यंत्रांचा क्रम, आणि माणसांचाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. चिठ्ठ्या मी घरूनच करून आणल्या होत्या.

चार नंबरची फुंकणी मात्र मी त्या सकाळी माझ्या पिशवीतून आणली. ती तीन महिने माझ्या घरी होती.

मुलीला दमा पाच वर्षांची असल्यापासून. नवऱ्याची रेल्वेत बदली होऊन आम्ही जयपूरला आलो, शास्त्रीनगरात घर घेतलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात, धुळीची आंधी आली की तिचा श्वास अडकायला लागला. नोव्हेंबरात मोठ्या डॉक्टरांनी चार नंबर मला दिली. म्हणाले, "मैडम, सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. तुम्हाला लिहायला सांगावं लागत नाही म्हणा." मी तिच्या आकड्यांची वही सुरू केली. डिसेंबरभर आकडे दोनशेच्या आसपास. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते एकदम अडीचशेच्या वर गेले आणि तिथेच राहिले. मला वाटलं, औषध लागू पडलं. वहीतला आलेख मी लाल पेन्सिलीने काढत असे. ती चढती रेघ बघून मी शेजारणीकडे पेढे दिले होते.

जानेवारीच्या शेवटी तो आलेख बघूनच मोठ्या डॉक्टरांनी तिची संध्याकाळची गोळी बंद केली.

शाळेची सहल जाहीर झाली तेव्हा मी तिला अट घातली होती. सलग सात दिवस अडीचशेच्या वर, तर जायचं. सात दिवस झाले. मी वर्गशिक्षिकेला चिठ्ठी लिहून दिली: मुलीची तब्येत उत्तम आहे, इतरांबरोबर किल्ला चढू द्यावा. खाली सात दिवसांचे आकडेसुद्धा लिहिले.

त्या बुधवारी सकाळी वेणी घालताना ती म्हणाली, "आई, आज छाती जड वाटतेय."

"फुंक."

तिने फुंकलं. दोनशे सत्तर.

"बघ. दोनशे सत्तर. काही झालेलं नाहीये."

"पण वाटतंय ना."

"वाटतंय म्हणजे काय? काटा बघ की. मागच्या शुक्रवारी पीटीला पण असंच केलंस. सारखी नाटकं बरी नाहीत."

मी आकडा लिहिला, बरोबरची खूण केली, फुंकणी पुसून पिशवीत ठेवली. तिला बसमध्ये बसवलं. खिडकीतून तिने हात केला की नाही ते मला आठवत नाही. मी माझ्या डब्याचं झाकण नीट लागलंय का ते बघत होते.

तर साडेनऊला आम्ही सुरुवात केली. पहिली चिठ्ठी भैयाजींची. ते विडी ओढत, लपून, आणि त्यांना वाटे की कोणाला माहीत नाही. मोठ्या यंत्रावर त्यांचा आकडा आला तीनशे चाळीस. दोन नंबरवर तीनशे तीस, पाचवर तीनशे पन्नास. इतका फरक चालतो. मग चार नंबर. चारशे दहा.

"फिर से," मोठे डॉक्टर म्हणाले.

पुन्हा चारशे दहा.

भैयाजींनी छाती फुगवली. "बहनजी, ये वाली मेरे घर भेज दो. इसमें तो मैं पहलवान हूँ."

धाकटे डॉक्टर म्हणाले, "विडीचं बंडल बदललं का भैयाजी?" सिस्टर तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. हसत हसतच लिहिलं, चारशे दहा.

दुसरी चिठ्ठी सिस्टरची. मोठं यंत्र तीनशे साठ. चार नंबर चारशे वीस. मी काटा शून्यावर आणला, तोंडात धरायची पुठ्ठ्याची नळी बदलली, पुन्हा फुंकायला लावलं. चारशे वीस. आता कोणी हसलं नाही, पण कोणी घाबरलंही नाही. घाबरायचं कारण तिथे मला एकटीलाच होतं. मी रकान्यांकडे बघत होते. एक, दोन, तीन, पाच, सहा या यंत्रांचे आकडे शहाण्या मुलांसारखे मोठ्या यंत्राच्या आजूबाजूला उभे होते. चारचा रकाना वेगळाच चालला होता.

तिसरी मी. मोठ्या यंत्रावर तीनशे ऐंशी. चारवर चारशे चाळीस.

माझ्या डोक्यात वजाबाकी सुरू झाली ती थांबेना. चारशे दहातून तीनशे चाळीस गेले सत्तर. चारशे वीसमधून तीनशे साठ गेले साठ. चारशे चाळीसमधून तीनशे ऐंशी गेले साठ. आणि दोनशे सत्तरमधून साठ गेले किती? लहान मुलाच्या आकड्यात फरक तेवढाच पडतो की कमीजास्त, हे मला माहीत नव्हतं. दोनशे दहा धरले तरी ती डिसेंबरात होती तिथेच होती. फक्त डिसेंबरात तिची गोळी चालू होती.

मोठ्या डॉक्टरांनी चार नंबर माझ्या हातातून घेतली, खिडकीजवळ नेली, काटा बोटाने पुढे मागे केला. काटा पाण्यावर सरकावा तसा सरकत होता. त्यांनी नळी नाकाशी नेली.

"तेल?" ते म्हणाले. "इसमें तेल किसने डाला?"

जयपुरात वाळू बारीक. दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी ती ताटाखाली, घड्याळाच्या काचेत, चादरीच्या घडीत सापडते. म्हणून महिन्याचा पहिला रविवार माझा तेलाचा रविवार. शिलाई मशीन, टेबलफॅन, दारांच्या बिजागऱ्या, नवऱ्याच्या सायकलची चेन. त्याची यादी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असे. जानेवारीच्या त्या रविवारी मुलगी म्हणाली होती की फुंकणीचा काटा अडखळतोय. अडखळणाऱ्या वस्तूला तेल घालतात. मी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दांडीवर सोडला, काटा चार-पाचदा सरकवला, आणि यादीत बिजागऱ्यांच्या खाली लिहिलं: फुंकणी. पुढे बरोबरची खूण. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पुन्हा एक थेंब. काटा मोकळा झाला होता, इतका की श्वासाने ढकललं की थांबायच्या जागी न थांबता पुढेच घसरायचा. जानेवारीतल्या त्या सोमवारपासूनच आकडे चढले होते, आणि मी पेढे वाटले होते.

हे सगळं मला त्या खोलीत एका क्षणात कळलं असं म्हणणं खोटं होईल. "तेल" हा शब्द ऐकल्यावर आधी मला नोकरीची भीती वाटली. सरकारी यंत्र बिघडवलं. मी गप्प राहिले. किती वेळ ते वहीत नाही. भैयाजी म्हणाले, "साहब, मैंने तो हाथ भी नहीं लगाया," तेवढा वेळ.

मग मी म्हणाले, "मी घातलं. घरी. दोनदा."

मोठे डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हिंदीत, अगदी हळू विचारलं, गोळी बंद करून किती दिवस झाले.

"पंधरा."

"आणि मुलगी आज कुठे आहे?"

"आमेरला. सहलीला."

"किल्ल्यावर? चढून?"

"हो. मी लिहून दिलंय शाळेला."

त्यांनी फोन उचलून माझ्या हातात दिला. शाळेच्या कारकुनाने सांगितलं, बसेस आठलाच गेल्या, आता सगळ्या मुली वर असतील, तिकडे फोन नाही. मी रिसीव्हर ठेवला तोवर धाकटे डॉक्टर स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभे होते. सिस्टरने एका पिशवीत वस्तू भरल्या आणि मला माझ्याच पद्धतीने मोजून दाखवल्या, "दीदी, देख लो: पंप, गोलियाँ, इंजेक्शन, पानी." मी चारपर्यंत मोजलं आणि दोनदा मोजलं.

पिशवी मांडीवर घेऊन मी स्कूटरवर त्यांच्या मागे बसले. जोरावरसिंग दरवाजा मागे पडल्यावर वारा सुटला, रस्त्याकडेची वाळू उडत होती. एरवी मी वाळू बघून घरच्या खिडक्यांचा विचार करते. त्या दिवशी तिच्या तोंडावर रुमाल असेल का एवढंच डोक्यात होतं. रुमाल सहलीच्या यादीत होता. मी खूण केली होती. पण ती खूण मी दोनशे सत्तरलाही केली होती.

धाकटे डॉक्टर मान वळवून ओरडले, "वहिनी, घट्ट धरा! आणि मनात याद्या करू नका!"

"करतेय!"

"मग त्यात पेट्रोल लिहा, रिझर्व्हवर आहे!"

हे ते मला धीर द्यायला म्हणाले असावेत. मी मात्र खरंच आमेरपर्यंत पेट्रोलचीही भीती बाळगली.

खाली शाळेच्या तीन बसेस उभ्या होत्या, रिकाम्या. आम्ही दगडी चढणीने वर निघालो. मधल्या वळणावर वर्गशिक्षिका भेटल्या, शेवटच्या चार मुलींना वर हाकत. मला बघून त्या चकित झाल्या. मी मुलीचं नाव घेतलं.

"वो तो पीछे रह गई थी," त्या म्हणाल्या. "बोली, साँस नहीं आ रही. मैंने कहा, चलो, बहाने नहीं. आपने ही तो लिखकर दिया था न, नंबर भी लिखे थे." त्यांनी पर्स उघडली. माझी चिठ्ठी तिथे घडी घालून नीट ठेवलेली होती.

पीछे म्हणजे कुठे, ते त्यांना नक्की सांगता येईना. आम्ही त्याच वाटेने वर आलो होतो आणि ती आम्हाला दिसली नव्हती. मी भिंतीवरून खाली वाकून बघितलं. तेवढं मला पुरतं आठवतं, की भिंत थंड होती आणि खाली बघायला मी घाबरत होते.

ती सापडली एका बाजूच्या कमानीत, सावलीत, रस्त्याकडे पाठ करून. पायरीवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत आलेले. शेंगदाण्याची पुडी शेजारी, न उघडलेली. पाठ का केली होती ते तिने नंतर सांगितलं: मुली बघतील आणि नाटक करते म्हणतील म्हणून.

मला बघून ती उठायला गेली. श्वासाला शिटी लागली होती, शब्द सुटे सुटे येत होते.

"आई... मी... मतलब... नाटक नाही करत."

धाकट्या डॉक्टरांनी तिला बोलू दिलं नाही. पंप दिला, थांबले, पुन्हा दिला, घड्याळाकडे बघत राहिले. मी तिच्या पाठीमागे बसले आणि तिला माझ्यावर रेलू दिलं. तिच्या बरगड्या माझ्या हाताला लागत होत्या, आत ओढल्या जाणाऱ्या. त्या क्षणी माझ्याजवळ वही होती, पेन होतं, आणि लिहिण्यासारखं काहीही नव्हतं. पंपाने फारसं काही झालं नाही. त्यांनी इंजेक्शन काढलं तेव्हा त्यांचा हात अगदी स्थिर होता. मग त्यांनी मला पाण्याची बाटली धरायला सांगितली, ती माझ्या हातातून पडली.

वीस मिनिटांनी तिचे निळसर पडलेले ओठ मला आवडतील अशा रंगाचे झाले. खाली उतरायला धाकट्या डॉक्टरांनी तिला पाठीवर घेतलं. शाळेच्या एका बसवाल्याने आम्हा तिघांना थेट रुग्णालयात सोडलं. स्कूटर धाकट्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी आणली, पेट्रोल घालून.

मोठ्या यंत्रावर तिने फुंकलं तेव्हा तीन वाजले होते. एकशे चाळीस. इंजेक्शन आणि औषधं झाल्यानंतर. डोंगरावर तो आकडा किती असेल याचा मी हिशेब करायला गेले आणि मोठ्या डॉक्टरांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

ती दोन दिवस आमच्याच वॉर्डात होती. नवरा त्या दिवशी रेल्वेच्या कामावर, लाइनवर बाहेरगावी होता, दुसऱ्या सकाळी पोचला. संध्याकाळची गोळी पुन्हा सुरू झाली. पंधरवड्यात ती शाळेत जायला लागली. भैयाजी तिला रोज विचारत, "क्यों बेटा, पहलवान बनना है?" आणि ती हसे.

तपासणी पुढच्या आठवड्यात पुरी केली. अहवाल मी लिहायला घेतला तेव्हा चार नंबरचा रकाना सरळ वगळावा असं मी सुचवलं. पाच यंत्रं जुळतात, एवढं पुरे. मोठे डॉक्टर म्हणाले, "नाही, तेही लिहा. ज्या रोग्यांना आपण ही घरी देणार, त्यांच्या घरातही तुमच्यासारखी नीटनेटकी माणसं असतील." मी माझ्या अक्षरात लिहिलं: यंत्र क्रमांक चार, घरी तेल घातले, आकडे जास्त. त्या दिवसापासून प्रत्येक फुंकणीबरोबर एक चिठ्ठी जाऊ लागली, हिंदीत: तेल नको, कोमट पाणी, सावलीत वाळवा, आणि छाती जड वाटली तर आकडा कितीही असो, या. शेवटचं वाक्य माझं.

आता ती एकवीस वर्षांची आहे, पुण्याला वसतिगृहात राहते. तिच्याकडे नवी फुंकणी आहे. दर रविवारी फोनवर मी विचारते, कसं वाटतंय. आकडा ती आपणहून सांगते, मी विचारत नाही.

त्या सकाळचं मी तिला एवढंच सांगितलं होतं की यंत्र बिघडलं होतं. ती म्हणाली होती, "मग ठीक आहे." म्हणजे यंत्राची चूक होती, तिची नाही, आईची नाही. मी तेव्हा मान हलवली. नंतर सांगू असं ठरवलं. ती बरी होऊ दे, मग परीक्षा होऊ दे, मग दहावी. मध्ये एकदा तिने स्वतः तिच्या सायकलला तेल घालताना बाटली वर धरून विचारलं होतं, "आई, हे जुनं झालंय का?" मी म्हणाले, "बघते," आणि आत गेले.

त्या आठवड्याची माझी यादी वहीच्या शेवटच्या पानावर आहे. सात कामं. चार नंबर परत करणे. गोळ्या आणणे. शिक्षिकेला नवी चिठ्ठी. सिस्टरची पिशवी धुऊन देणे. पेट्रोल. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या यादीतून फुंकणी खोडणे. या सहांपुढे खूण आहे.

सातवं: मुलीला तेलाचं सांगणे.